वायर खुपसायची, बटण दाबायचं

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर तू म्हणालास, ॲम्प्लिफायर कसा लावायचा ते चार ओळींत लिहून पाठव, रविवारी लेकीची गिटारवादनाची निवडचाचणी आहे, ऐन वेळी धांदल नको. चार ओळींत मावलं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. पण फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तुझं 'बरं दादा, ठेवतो' येतं. म्हणून हे पत्र. तुझी सवय मला ठाऊक आहे. पहिलं पान वाचायचं, 'दादाचं पुराण सुरू झालं' म्हणायचं आणि उरलेलं बायकोकडे सरकवायचं. या वेळी तसं करू नकोस. रविवारचं खरं काम मी मुद्दाम अगदी शेवटी लिहिलं आहे, आणि मधलं वाचल्याशिवाय ते तुला पटायचं नाही. चष्मा लाव आणि वाच.

आधी जागा. खोकं भिंतीला चिकटवून ठेवायचं नाही, मागे हातभर अंतर सोडायचं. आतले वॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, तापतात, त्यांना हवा लागते. ओल्या फरशीवर ठेवायचं नाही, डगमगत्या खुर्चीवर तर मुळीच नाही. प्लगला तीन पाय आहेत ते तिन्ही भोकांत गेले पाहिजेत. हे तुला आठवत असेल, कारण एकदा घूं घूं आवाज येतो म्हणून तू तिसरा पाय कानशीने घासून टाकला होतास आणि दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना आईला झटका बसला होता. आई त्या खोक्याला शेंडेफळ म्हणायची. झटका बसल्यावर म्हणाली, तिघांपैकी एक तरी चावरा निघणारच होता. तू पोट धरून हसलास. पाय मी नवीन बसवला.

गिटारची वायर लावताना आवाजाचं बटण शून्यावर हवं. मग पहिला स्विच. मग थांबायचं. वॉल्व्ह आतून तांबूस दिसायला लागेपर्यंत, चांगलं एक मिनिट, आणि त्यानंतर दुसरा स्विच. ते एक मिनिट तुला कधी धरवलं नाही. आपल्या त्या पत्र्याच्या खोलीत तुम्ही चौघं तालमीला जमायचात, तू दोन्ही स्विच एकदम दाबायचास आणि मी मागून ओरडायचो. तुझे मित्र मला 'दाई' म्हणायचे, आठवतं? सतत त्या खोक्यामागे गुडघे टेकून बसलेला असायचो म्हणून. मला राग यायचा नाही. खोकं माझंच होतं. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर, आईच्या मोडक्या शिलाई मशिनच्या टेबलाची फळी, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांची कामं करून उरलेल्या संध्याकाळी, अशा अकरा महिन्यांत ते उभं राहिलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा तू मला मिठी मारली होतीस. ती मिठी खरी होती, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका आली नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेव.

हेही सांगतो, कारण ते तुला कधी सांगितलं नाही. गिटार आधी मी वाजवत होतो. तू अकरा वर्षांचा असताना पहिले सूर तुला मीच शिकवले आणि सहा महिन्यांत तू ते माझ्यापेक्षा बरे वाजवायला लागलास. मला तुझा हेवा वाटायचा. लहानसा, चिमूटभर नव्हे, चांगला पोटभर हेवा. बाबा गेले, मी दुकानात बसलो, तू वाजवत राहिलास, आणि मी मनाची समजूत घातली की त्याची बोटं आणि माझं खोकं मिळून एक वाजवणारा होतो. तूही तसंच बोलायचास. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात गिटारची एक जागा निघाली तेव्हा तूच म्हणालास, मला घेतलं तर मी सांगणार, ॲम्प्लिफायरवाला माझा भाऊच हवा. मी आईला सांगितलं. आईने शेजारी सांगितलं. मी दुकानाच्या मालकाला सांगून टाकलं की महिनाभरात दुसरा माणूस बघा.

आता बटणं. सूर खाली-वर करणारी तिन्ही बटणं आधी मध्यावर ठेवायची. हॉल रिकामा असेल तर खर्ज थोडा कमी, माणसं भरली की थोडा जास्त, कारण माणसं खर्ज पिऊन टाकतात. आवाज चारच्या वर नेऊ नये. चारच्या वर सगळेच शूर वाटतात.

तुझ्या त्या निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी वाद्यवृंदाचे चिटणीस आपल्या खोलीवर आले होते, ते गुळगुळीत दाढीचे. कोणाला काय सामान लागतं याची यादी घेत होते. मी नेहमीसारखा खोक्यामागे होतो, स्क्रूड्रायव्हर दातांत धरलेला. त्यांनी विचारलं, हे कोण? मी तोंडातून स्क्रूड्रायव्हर काढायच्या आत तू म्हणालास, "हे होय, हे सामान उचलतात." त्यांनी विचारलं, ॲम्प्लिफायरसाठी वेगळा माणूस लागेल का? आणि तू हसलास. "छे, त्यात काय आहे? वायर खुपसायची, बटण दाबायचं. कुणीही लावेल."

तू मला ओळख दिली नाहीस हे मी समजू शकलो असतो. माझ्या शर्टाला डाग होते, माणूस मोठा होता, तू बावीस वर्षांचा होतास. पण 'कुणीही' हा शब्द घशाखाली उतरेना. चिटणीस गेल्यावर तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, रागावू नको, एकदा जागा मिळू दे, मग बघतो. मी म्हटलं, छे, राग कसला. मग तू केस कापायला गेलास.

तू परत येईपर्यंत मला पाऊण तास मिळाला. मी मागची फळी काढली. खोक्यात दोन स्पीकर आहेत. दोघांच्या वायरी नीट असल्या की दोघांचे पडदे एकदम पुढे येतात, एकदम मागे जातात आणि आवाजाला अंग येतं. एकाच्या दोन वायरी आपसात बदलल्या की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खोक्याला खेटून वाजवणाऱ्याला फारसं कळत नाही. आवाज येतो, मोठाही वाटतो. वीस पावलांवर बसलेल्याला मात्र खर्ज पोचतच नाही, सगळं पातळ आणि पोकळ ऐकू येतं, रिकाम्या डब्यातून आल्यासारखं. आणि यातली खुबी अशी की खोकं बिघडलंय असं कुणालाही वाटत नाही. वाजवणाऱ्यातच दम नाही असं वाटतं. मी डाव्या स्पीकरच्या वायरी सोडवल्या, उलट्या केल्या, सोल्डरचा एकेक थेंब सोडला आणि फळी लावून टाकली. तू आलास तेव्हा मी चहा करत होतो. तुझे केस छान कापले होते, मी तसं म्हणालोही.

दुसऱ्या दिवशी खोकं मी उचलून हॉलवर नेलं, सामान उचलणाऱ्याचं कामच ते. वायर तूच खुपसलीस, बटण तूच दाबलंस. मी शेवटच्या रांगेत दारापाशी बसलो. तू किती सुंदर वाजवतो आहेस ते मला तुझ्या बोटांवरून दिसत होतं, ऐकू मात्र त्यातलं काहीच येत नव्हतं. खरं सांगतो, मला तुझं नुकसान करायचं नव्हतं. निदान त्या क्षणापर्यंत नव्हतं. मला वाटलं होतं, दोन ओळी वाजवल्यावर परीक्षकांचे चेहरे पाहून तू थांबशील, मागे वळशील, आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्याने म्हणशील, दादा, जरा बघ ना, याला काय झालंय. मी खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो. मी त्या पायऱ्या कशा चढेन, चिटणिसांच्या समोरून कसा जाईन, हे सगळं मी मनात चालून आलो होतो. तू थांबलास. पण खोक्याकडे पाहिलंस नाही. आपल्या बोटांकडे पाहिलंस. माझ्या कामात चूक असेल असं तुझ्या मनातही आलं नाही.

मी उठलो असतो तर चाललं असतं. दहा मिनिटं मागून घेता आली असती. मी उठलो नाही. तू हाक मारली नाहीस ना, मग नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणाले, "बोटं चांगली आहेत हो, पण सुराला अंग नाही." जागा तुझ्यामागून आलेल्या त्या चपट्या नाकाच्या पोराला मिळाली. बाहेर पायरीवर तू बसलास आणि मला विचारलंस, दादा, तू मागे बसला होतास, तूच सांग, खरंच अंग नव्हतं? मी म्हणालो, नव्हतं रे. आणि मग तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "हात सगळ्यांनाच नसतो." ते वाक्य तुला अजून पाठ आहे. चार माणसं जमली की तू सांगतोस, आमच्या दादाने मला वेळेवर खरं सांगितलं, नाहीतर आयुष्यभर तारा छेडत बसलो असतो. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो.

गिटार तू त्याच आठवड्यात देऊन टाकलीस. खोकं माळ्यावर गेलं. तू वजनमापांच्या कचेरीत लागलास आणि गेली बावीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून दुसऱ्यांचे काटे खरे आहेत की खोटे ते तपासतोस. मला यात कधी कधी हसू येतं. तू मला निर्दय म्हणशील, म्हण. वाईट वाटतं का, तर वाटतं. रोज नाही. दुकानात कुणी दोन स्पीकरांचं काही दुरुस्तीला आणलं की त्या दिवशी वाटतं.

देखभालीचं राहिलं. वापर नसेल तर महिन्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावं. यंत्राला धूळ मारत नाही, नुसतं पडून राहणं मारतं. बटणं करकरू लागली तर आत तेल घालू नये, त्यासाठी मिळणारा फवारा वापरावा. वाजवून झाल्यावर लगेच उचलू नये, वॉल्व्ह गार होऊ द्यावेत. स्पीकरची वायर सुटलेली असताना कधीही चालू करू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो. हे सगळं मी चिमणीला सांगितलं आहे. गुणी पोर आहे तुझी. दोन आठवड्यांपूर्वी तिने ते खोकं माझ्या दुकानात आणलं तेव्हा आत झुरळांचा संसार होता आणि कपॅसिटर वाळून गेले होते. मी नवे घातले, सिरीजमध्ये बल्ब लावून दोन दिवस हळूहळू वीज चढवली. आणि डाव्या स्पीकरपाशी माझा बावीस वर्षांपूर्वीचा सोल्डरचा थेंब दिसला. चकचकीत होता अजून. मी तो वितळवला, सोल्डरऐवजी साधे चिमटे लावले आणि वायरी सरळ केल्या. कुणाला काही न सांगता ही गोष्ट मिटवावी असं मी ठरवलं होतं. तुझी शपथ, ठरवलं होतं.

काल, मंगळवारी, ती न्यायला आली. मी म्हटलं, वाजवून बघ. मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, वीस पावलं मोजून. धाकट्या, ती तुझी बोटं आहेत. डाव्या हाताची करंगळी उचलायची खोड सुद्धा तुझीच. फरक इतकाच की या वेळी मला ऐकू येत होतं. खालच्या तारांचा आवाज काउंटरच्या काचेतून माझ्या तळहातात येत होता. त्या दिवशी हॉलमध्ये काय ऐकू यायला हवं होतं ते मला काल पहिल्यांदा कळलं. माझे डोळे भरून आले. मी तिला म्हणालो, थांब बाळ, हॉलमध्ये कसं लावायचं ते नीट समजावून घे. ती गोड हसली, गिटार पिशवीत घालत म्हणाली, "काका, बाबा नेहमी सांगतात, त्यात काय असतं? वायर खुपसायची, बटण दाबायचं. कुणीही लावेल."

नेहमी सांगतोस तू. बावीस वर्षं झाली तरी.

ती गाडी थांबवायला रस्त्यावर गेली. मी फळी काढली, डाव्या स्पीकरचे दोन्ही चिमटे ओढले, उलटे लावले आणि फळी बसवली. तिने आत येऊन विचारलं, काही राहिलं का काका? मी म्हटलं, एक स्क्रू ढिला होता. तिने मला वाकून नमस्कार केला आणि रविवारी मागच्या रांगेत बसायला या म्हणाली. हॉल तोच आहे म्हणे.

आज बुधवार. हे पत्र आत्ता टाकलं तर शनिवारी अकराच्या टपालाने तुला मिळेल आणि तुझ्या हातात एक दिवस राहील. मी फोन करून चिमणीला सांगू शकलो असतो, किंवा स्वतः येऊन दोन चिमटे बदलू शकलो असतो. ते मी करणार नाही. ते तू करायचं आहेस. प्लग काढ. अर्धा तास थांब, या वेळी खरंच थांब. मागच्या फळीचे चार स्क्रू सोडव. वरच्या पत्र्याच्या ट्रेच्या आत हात घालू नकोस, प्लग काढल्यावरही तिथे वीज साठून राहते. तुला इजा करायची असती तर हे वाक्य गाळलं असतं, तेव्हा एवढा विश्वास ठेव. पण वायरींबद्दल माझ्या शब्दावर जाऊ नकोस, तू काटे तपासणारा माणूस आहेस. स्पीकरांकडून वर जाणारी जाड वायर ट्रेला बाहेरून एका पिनेने लागली आहे, ती पिन ओढून काढ. भिंतीवरच्या घड्याळातला सेल घे, त्याचं एक टोक पिनेच्या टोकाला टेकव आणि दुसऱ्या टोकापासून वायरचा तुकडा पिनेच्या अंगाला लाव. हे एकट्याने जमणार नाही, पुढे बसून पडदे बघायला कुणीतरी लागतं. चिमणीला टॉर्च घेऊन पुढच्या जाळीसमोर बसव. ती सांगेल, बाबा, एक पुढे आला, एक मागे गेला. मग ती विचारेल, असं कुणी केलं आणि कधीपासून आहे. काय सांगायचं ते तू ठरव, मला ते ठरवता आलेलं नाही. त्यानंतर डाव्या स्पीकरचे चिमटे अदलाबदल कर, सेल पुन्हा लाव, दोन्ही पडदे एकदम पुढे आले की जाड वायरीची पिन जागेवर बसव आणि फळी लाव. दहा मिनिटांचं काम आहे. कुणीही करेल.

तुझाच,
दादा